दर दोनशे तासांनी

कुडाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बोलत राहा त्यांच्याशी. काहीही बोला.
परतताना एसटीत मी आठवत बसले,
बाबांशी आजवर काय काय बोलले होते.
जेवलात? छत्री घेतलीत? पैसे मिळाले. पोचले.
चौक्याला गाडी थांबेपर्यंत
सगळं संपलंसुद्धा.
सर्जेकोट अजून लांब होतं.

मग ठरवलं, वाचूया.
आधी पेपर. बांगड्याचा पडलेला दर,
जेटीवरची बाचाबाची, निधनवार्ता.
बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं,
म्हणजे अर्धं तोंड. उरलेलं अर्धं
झटका आला त्या पहाटेपासून तिकडेच बघत होतं.

मग रेजिनाकडचा जुना दिवाळी अंक.
त्यातली एक लांबलचक कथा,
जिच्यात कोणीही काहीही दुरुस्त करत नव्हतं.
दुसऱ्या पानावर बाबा झोपले.

पान्यांच्या पेटीत, तळाशी,
तेलकट चिंध्यांखाली सापडली ती पुस्तिका.
होडीच्या डिझेल इंजिनाची, मराठीतली,
कडांना बोटांचे काळे ठसे,
तीस वर्षांत एकाच माणसाने उमटवलेले.
मी उभी राहून वाचू लागले, शाळेत वाचायचे तशी:
‘इंधनाची गाळणी दर अडीचशे तासांनी बदलावी.’

चादरीवरचा डावा हात हलला.
घशात काहीतरी घरघरलं,
थंडीत लवकर न लागणाऱ्या मशीनसारखं,
एकदा. थांबलं. पुन्हा एकदा.
आणि मग:
‘दोनशे.’

एकेचाळीस दिवसांतला पहिला शब्द.
तोही बरोबर.
पुस्तिका लिहिणारा बसला होता कारखान्यात,
लवू मिस्त्री खाऱ्या वाऱ्यात.

आई धावत आली, हाताला खवले तसेच.
काय म्हणाले? दोनशे म्हणाले.
तिला वाटलं उधारी.
‘कोणाकडसून येवचे आसत?’ तिने विचारलं,
आणि रडायला बसली.

तेव्हापासून रोज, दिवेलागण झाली की एक पान.
नॉझल, पिस्टन, झडपांमधलं अंतर.
मी मुद्दाम चुकते.
सैल करायचं तिथे आवळा म्हणते.
बाबा खवळतात. खवळताना शब्द येतात,
जाळ्यात अडकलेल्या खेकड्यासारखे, एकेक, नांग्या उगारून.
‘ढिलो. ढिलो कर गो.’
डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलेलं नाही.

आई आता तांदूळ निवडायला इथेच येऊन बसते.
परवा मधेच म्हणाली,
‘चाळीस वर्सा ह्येंचे कपडे धुतलंय.
त्या डागांची नावा आता कळाक लागली.’

लहानपणी मी डबा घेऊन जेटीवर जायचे
तेव्हा बाबा पेचकस इंजिनाला टेकवून
मूठ कानाला लावून उभे असत, डोळे मिटून.
हाक मारली तर बोटाने गप्प करत.
आतलं ऐकू येतं असं, एकदाच म्हणाले होते.
मला वाईट वाटायचं.
एवढ्या लक्षपूर्वक त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

आता ऐकतात.
डोळे तसेच मिटलेले, भुवई तशीच वर.
माझा आवाज या घरात इतका वेळ
कधी टिकला नव्हता.
पानाच्या शेवटी मला दम लागतो
आणि तो दमही ते ऐकतात.

काल शेवटची पानं आली.
सुट्या भागांची यादी, नुसते आकडे.
मी आकडेही वाचले, संथ,
आई देवापुढे काहीतरी म्हणते त्या लयीत.
त्यानंतरचं पान फाटलेलं होतं.
बाहेर भरती लागली होती, कोणाची तरी होडी
फटफटत आत येत होती.
मी पुस्तिका तशीच धरून ठेवली आणि म्हटलं:
‘नीट निगा राखल्यास हे इंजिन
शंभर वर्षं चालेल.’

बाबांनी डोळे उघडले.
‘खोटा,’ म्हणाले.
चालत्या अर्ध्या तोंडाने हसले.
मग डोळे मिटून,
‘फुडे वाच.’

पुढे पान नव्हतं.
मी वाचत राहिले.